साडेतीन ग्रॅम मीठ : जलसंजीवनीच्या मापाचा इतिहास

१/२३
जून १९७१. पश्चिम बंगालमधील बनगाव हे पूर्व पाकिस्तानच्या सीमेलगतचे गाव. लष्करी कारवाईतून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांचे लोंढे तेथे थांबत नव्हते. एकट्या बनगावच्या परिसरात सुमारे साडेतीन लाख माणसे छावण्यांत राहत होती. पावसाळा लागला आणि पटकीची, म्हणजेच कॉलऱ्याची, साथ उसळली. गावच्या रुग्णालयात खाटा होत्या सोळा. उरलेले रुग्ण जमिनीवर पडलेले असत. सलाइन लावायचे तर डॉक्टरांना मलमूत्राने भरलेल्या फरशीवरच गुडघे टेकावे लागत. कलकत्त्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस यांना दोन दिवसांतच उमगले की ही लढाई हातची जात आहे. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

२/२३
बाटल्या नव्हत्या, पण मीठ होते, खाण्याचा सोडा होता, ग्लुकोज मिळत होते आणि पिण्याचे पाणी होते. या वस्तू बाजारात कोणालाही स्वस्तात मिळत होत्या. मग त्यांनी माणसे वाचवायला १९७१ साल का उजाडावे लागले? या प्रश्नाचे उत्तर तराजूच्या पारड्यात आहे. एक लिटर पाण्यात किती ग्रॅम मीठ आणि किती ग्रॅम साखर, हा हिशेब चुकला तर तेच पाणी निरुपयोगी ठरते, प्रसंगी घातकही ठरते. तो हिशेब जुळायला जवळजवळ १४० वर्षे लागली. आज मराठीत ‘जलसंजीवनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाण्याची ही कथा मुळात वजनाची कथा आहे.

३/२३
कॉलऱ्याचा जंतू लहान आतड्यात वाढतो आणि तेथे विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातील पाणी आणि क्षार आतड्याच्या पोकळीत ओतू लागतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र आजारात एका तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, नाडी लागत नाही, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. मृत्यूचे कारण असते पाणी आणि क्षार यांची हानी. जेवढे गेले तेवढेच, त्याच प्रमाणात परत मिळाले तर रुग्ण जगतो. जंतूंचा निकाल शरीर काही दिवसांत स्वतःच लावते.

४/२३
ही हानी रसायनशास्त्राच्या साहाय्याने प्रथम मोजली ती विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टराने. १८३१ च्या अखेरीस कॉलरा इंग्लंडमध्ये पोहोचला, तेव्हा त्याचे वय अवघे २२ होते. रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण करून त्याने दाखवून दिले की रक्तातील पाणी आणि क्षार घटलेले असतात व तेच क्षार जुलाबात सापडतात. निष्कर्ष सरळ होता : गेलेले पाणी आणि क्षार परत द्यावेत. हाच ओ’शॉनेसी १८३३ मध्ये हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि पुढे येथील तारायंत्राच्या जाळ्याचा जनक ठरला.

५/२३
त्याच्या निष्कर्षाचा प्रयोग स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लाटा यांनी मे १८३२ मध्ये केला. सहा पाइंट पाण्यात दोन ते तीन ड्राम मीठ आणि दोन स्क्रूपल सोडा, असे त्यांचे मिश्रण होते. ते थेट शिरेत सोडल्यावर मरणोन्मुख वृद्धा डोळे उघडून बोलू लागली. मात्र डॉक्टर निघून गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रावण पुन्हा दिले गेले नाही आणि काही तासांत ती वारली. लाटा यांचे माप आजच्या मापात बदलले, तर मिठाचे प्रमाण लिटरमागे साधारण अडीच ते चार ग्रॅम भरते. रक्ताशी जुळणाऱ्या मिठाच्या पाण्यात ते नऊ ग्रॅम असावे लागते. म्हणजे कल्पना अचूक होती, पण वजन निम्म्याहूनही कमी पडत होते. निर्जंतुक द्रव तयार करण्याचे ज्ञान तर तेव्हा नव्हतेच. लाटा १८३३ मध्ये निवर्तले आणि ही पद्धत मागे पडली.

६/२३
नऊ ग्रॅमच का? याचे उत्तर लोणच्याच्या बरणीत सापडते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. जिकडे विरघळलेले कण दाट, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. रक्तपेशींच्या आत आणि बाहेर हाच नियम चालतो. शिरेत फार विरल द्रव गेला तर पाणी पेशींत घुसून त्या फुगतात. फार तीव्र द्रव गेला तर पेशी कैरीच्या फोडीसारख्या आकसतात. लिटरमागे नऊ ग्रॅम, म्हणजे ०.९ टक्के, हे दोन्ही टोकांमधील समतोलाचे माप आहे. सलाइनच्या बाटलीवर आजही हाच आकडा छापलेला असतो.

७/२३
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी वजनाचा काटा मुद्दाम दुसऱ्या टोकाला नेला. एका पाइंटमध्ये १२० ग्रेन मीठ, म्हणजे लिटरमागे सुमारे पावणेचौदा ग्रॅम. रक्तात पाणी टिकून राहावे, हा त्यामागचा विचार होता. किती द्रव द्यायचा हे ठरवण्यासाठी ते रुग्णाच्या रक्ताची घनताही तपासत. कलकत्त्याच्या रुग्णालयात तोवर कॉलऱ्याचे सुमारे ६० टक्के रुग्ण दगावत. रॉजर्स यांच्या पद्धतीने ते प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. द्रावणाचे वजन आणि रक्ताची घनता मोजून केलेल्या उपचाराचे हे मोठे यश होते. तरीही तीनांतील एक रुग्ण जात होताच.

८/२३
पुढील दशकांत शिरेतून द्यायच्या द्रवाचे माप सुधारत गेले आणि सुसज्ज रुग्णालयात कॉलऱ्याचा मृत्यू जवळपास टाळता येऊ लागला. अडचण ‘सुसज्ज’ या शब्दात होती. एका रुग्णाला दिवसाला दहा-बारा लिटर निर्जंतुक द्रव, काचेच्या बाटल्या, सुया, नळ्या आणि शीर सापडणारा प्रशिक्षित हात लागे. कॉलरा मात्र येई तो पुराच्या पाण्यात वेढलेल्या गावात, दुष्काळात, निर्वासितांच्या तळावर. जेथे गरज सर्वांत मोठी, तेथे साधने सर्वांत थोडी. म्हणून वैद्यांच्या मनात जुनाच प्रश्न पुन्हा येई : हे पाणी तोंडाने का पाजता येऊ नये?

९/२३
पाजून पाहिले गेलेही होते; पण नुसते मिठाचे पाणी कॉलऱ्याच्या रुग्णाच्या आतड्यात शोषले जात नसे, उलट जुलाब वाढत. १९५३ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १८६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, असे त्यांचे मिश्रण होते. आजाराची तीव्रता कमी असलेले हे रुग्ण तोंडावाटे दिलेल्या पाण्यावर बरे झाले. आज पाहता हे माप थक्क करणारे वाटते, इतके ते पुढे सिद्ध झालेल्या मापाजवळ आहे. पण किती द्रव आत गेला, किती बाहेर पडला आणि किती टिकला, याचा जमाखर्च त्या वृत्तान्तात नव्हता. जगाने त्याकडे लक्ष दिले नाही.

१०/२३
चटर्जी यांनी ग्लुकोज घातले होते. ते तेथे नेमके काय करते, हे अद्याप उलगडलेले नव्हते. तो उलगडा १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत झाला. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात; एकाच्या सोबतीशिवाय दुसऱ्यासाठी ते दार उघडत नाही. सोडियम आत गेले की त्यामागून पाणी जाते. कॉलऱ्याचे विष आतड्यात बरीच उलथापालथ करते, पण हे जोडीचे दार शाबूत ठेवते. म्हणजे साखर येथे सोडियमची, आणि पर्यायाने पाण्याची, वाटाड्या होती. आता प्रश्न उरला तो मापाचा : जोडी जुळवायला कोणाचे किती वजन?

११/२३
ते माप चुकल्यास काय होते, याचा धडा १९६२ मध्ये मनिलात मिळाला. अमेरिकी नौदलाचे डॉ. रॉबर्ट फिलिप्स यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून पाहिले. सुरुवातीला गुण दिसला; मात्र पुढील चाचणीतील द्रावण अतितीव्र होते आणि काही रुग्ण दगावले. फिलिप्स यांनी तो मार्ग सोडला आणि तोंडावाटे उपचाराविषयी ते पुढे दीर्घकाळ साशंक राहिले. कॉलऱ्याच्या उपचारातील एका अत्यंत अनुभवी माणसाने हात आखडता घेतल्याने हे संशोधन काही वर्षे मागे पडले.

१२/२३
ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी १९६८ मध्ये जमाखर्चाची वही उघडली. रुग्णाचे जुलाब आणि उलट्या मोजायच्या आणि तेवढ्याच आकारमानाचे मोजून बनवलेले द्रावण पाजायचे, अशी त्यांची शिस्त होती. शिरेतून द्यायच्या द्रवाची गरज त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांनी घटली. त्याच सुमारास कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातही असेच निष्कर्ष निघाले होते. दिलीप महालनबीस याच केंद्रात काम करत. पण हे सारे प्रयोग देखरेखीखालच्या खाटांवर झाले होते. तळहातावर शीर घेऊन पळत आलेल्या लोकांच्या छावणीत ते कसे उतरणार, हे कोणी पाहिले नव्हते.

१३/२३
बनगावात महालनबीस यांनी ते पाहायचे ठरवले. त्यांचे माप होते : एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पोटॅशियमही शरीरातून जाते हे ठाऊक असूनही घटक तीनच ठेवले, कारण मिश्रण स्वस्त आणि सहज मिळणारे हवे होते. कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयाची खोली कारखान्यासारखी वापरली गेली. तेथे घटक काळजीपूर्वक तोलले जात, पॉलिथिनच्या पिशव्यांत भरले जात, पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने बंद केले जाई आणि वर कृतीची चिठ्ठी लावली जाई. छावणीत ही भुकटी पिंपातील पाण्यात विरघळवून पेल्यांनी वाटली जाई. खर्च येई लिटरमागे ११ पैसे.

१४/२३
हे आकडे कोठून आले? येथे वजनी प्रमाणाचे खरे गणित सुरू होते. आतड्याच्या दाराला ग्रॅम कळत नाहीत; त्याला कणांची संख्या कळते. एक किलो ज्वारीत जितके दाणे असतात, त्याहून कितीतरी कमी एक किलो शेंगदाण्यांत असतात, रेणूंचेही तसेच. म्हणून वजनाला रेणुभाराने भागावे लागते. मिठाचा रेणुभार सुमारे ५८.५; साडेतीन ग्रॅम मिठात ६० मिलिमोल सोडियम येते. सोड्याचा रेणुभार ८४. अडीच ग्रॅम सोड्यातून आणखी ३० मिलिमोल येते. दोन्ही मिळून लिटरमागे ९० मिलिमोल सोडियम. मापात सोड्याचे दुसरेही काम होते : जुलाबातून अल्कधर्मी क्षार गेल्याने वाढलेली रक्तातील आम्लता उतरवणे.

१५/२३
ग्लुकोजच्या २२ ग्रॅममध्ये तर एक बारकावा लपला आहे. बाजारात मिळणाऱ्या ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूला सहसा पाण्याचा एक रेणू चिकटलेला असतो. अशा ग्लुकोजचा रेणुभार १९८, कोरड्या ग्लुकोजचा १८०. म्हणजे २२ ग्रॅम तोलले, तरी त्यातील दोन ग्रॅम नुसते पाणीच असते आणि खरे ग्लुकोज २० ग्रॅम. कणांच्या हिशेबाने ते १११ मिलिमोल होते. पुढे जागतिक मानकात छापला गेलेला २० ग्रॅमचा आकडा आणि बनगावचा २२ ग्रॅमचा आकडा वेगळे दिसतात, पण द्रावणात ते एकच आहेत. वजनाने संहती काढताना ‘काय तोलले’ हा प्रश्न ‘किती तोलले’ इतकाच महत्त्वाचा असतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१६/२३
काही पिशव्या १६ लिटर पाण्यासाठी भरल्या जात. सोयीच्या या निर्णयात एक गणिती शहाणपणही होते. एका लिटरसाठी साडेतीन ग्रॅम मीठ तोलताना एका ग्रॅमची चूक झाली, तर मिठाचे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक बिघडते. सोळा लिटरसाठी मात्र ५६ ग्रॅम मीठ लागते. तेथे एका ग्रॅमची चूक दोन टक्क्यांच्याही आत राहते. ग्लुकोज ३५२ ग्रॅम, सोडा ४० ग्रॅम. तराजू तोच, माणसे तीच, पण एकदम जास्त तोलल्याने चुकीचा वाटा लहान होतो. निष्णात हातांनी एकदा तोलावे आणि छावणीतल्या माणसाने फक्त पाणी मोजावे, अशी कामाची विभागणी झाली.

१७/२३
रुग्ण आणि त्यांचे नातलग आधी साशंक होते. शिरेत सुई टोचून दिलेले तेच खरे औषध, नुसते पाणी पाजणे म्हणजे फसवणूक, असा समज होता. म्हणून त्या पाण्याला ‘ओरल सलाइन’ म्हटले जाऊ लागले. ‘सलाइन’ या शब्दाला मान होता. अत्यवस्थ रुग्णाला आधी शिरेतून द्रव देऊन शुद्धीवर आणायचे आणि मग हे पाणी पाजायचे. बाकीच्यांना आरंभापासून हेच. आया आणि बहिणी उशाशी बसून पेल्यामागून पेला पाजत राहिल्या. साथीच्या आरंभी ३० टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर या उपचारकेंद्रात ३.६ टक्क्यांवर आला. सुमारे ३,७०० रुग्णांपैकी दगावले ते १३५.

१८/२३
आकडे बोलके असूनही वैद्यकीय जगाने त्यांचे लगेच स्वागत केले नाही. अप्रशिक्षित नातलगांच्या हाती उपचार सोपवणे अनेक तज्ज्ञांना धोक्याचे वाटत होते. महालनबीस यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेतील डॉ. धीमान बरुआ यांनी बनगाव प्रत्यक्ष पाहिले होते आणि त्यांनी या उपचाराचा पाठपुरावा केला. १९७५ मध्ये संघटना आणि युनिसेफ यांनी एक मानक पुडी मान्य केली : मीठ ३.५, सोडा २.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ग्लुकोज २० ग्रॅम. एकूण साडेसत्तावीस ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने अग्रलेखातून, हा शोध शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकेल, असे मत मांडले.

१९/२३
पुडी तयार झाली, तरी ती प्रत्येक झोपडीपर्यंत जाणार कशी? बांगलादेशात फजले हसन अबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने उलटा विचार केला : पुडी नसेल तर आईच्या हातालाच तराजू करावे. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. अर्धा शेर म्हणजे अर्ध्या लिटरहून किंचित कमी. तेवढ्या पाण्यात मीठ पावणेदोन ग्रॅमच्या आसपास असायला हवे. चिमटीची खोली बोटाच्या पेरावरून ठरवून दिली आणि घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली. १९८० ते १९९० या दशकात संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी हिंडल्या आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत त्यांनी ही कृती शिकवली.

२०/२३
चिमटीवर भरवसा ठेवणे हे धाडसच होते. मीठ दुप्पट पडले तर बालकाच्या रक्तातील सोडियम वाढून झटके येऊ शकतात. गूळ फार झाला तर तोच पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढवतो. म्हणून शिकवून झाल्यावर दुसरे पथक त्याच घरी जाई, आईला पाणी बनवायला सांगे, तिला काय आठवते ते विचारी आणि बनवलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवी. शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदला त्या आईच्या उत्तरांवर ठरे. शाळेची पायरी न चढलेल्या लाखो स्त्रियांनी बोटांनी साधलेले वजनी प्रमाण प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचा हा उपक्रम जगाच्या इतिहासात विरळा होता.

२१/२३
मानकही गोठून राहिले नाही. दमट हवेत सोड्यामुळे भुकटीचा रंग बदले आणि ती टिकत नसे, म्हणून १९८४ मध्ये सोड्याऐवजी ट्रायसोडियम सायट्रेट आले. ९० मिलिमोल सोडियम ही मुळात तडजोड होती : प्रौढ कॉलरा रुग्णाच्या जुलाबात सोडियम याहून अधिक असते, बालकांच्या साध्या जुलाबात बरेच कमी. अनेक देशांतील चाचण्यांनंतर २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माप सौम्य केले : मीठ २.६, सायट्रेट २.९, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि कोरडे ग्लुकोज १३.५ ग्रॅम. आता सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल. जोडी समसमान झाली. शिरेतून द्रव देण्याची वेळ येणाऱ्या बालकांचे प्रमाण या मापाने सुमारे एक-तृतीयांशाने घटले. मिठातून काढलेला अवघा ०.९ ग्रॅम आणि ग्लुकोजमधून काढलेले साडेसहा ग्रॅम, एवढाच तो फरक.

२२/२३
वजनाचा हा वाद आजही संपलेला नाही. साध्या कोला पेयात लिटरमागे १०० ग्रॅमहून अधिक साखर असते. जलसंजीवनीत ग्लुकोज अवघे साडेतेरा ग्रॅम. तरीही गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे दिसत राहिली आणि आजारी मुलांसाठी ती विकत घेतली गेली. बालरोगतज्ज्ञांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, मानकात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हे शब्द वापरण्यास मनाई केली. महालनबीस तेव्हा हयात नव्हते; १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

२३/२३
आरोग्य केंद्रात किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीवर दोन आकडे असतात : आतील भुकटीचे वजन आणि ती किती पाण्यात घालायची ते माप. साडेवीस ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात विरघळली की द्रावण वजनाने सुमारे दोन टक्क्यांचे होते. तीच पुडी पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात ओतली तर ते पाचपट तीव्र होते, आणि मनिलाचा धडा घरात गिरवला जातो. थोडी थोडी भुकटी पेल्यात टाकत राहिले तर माप कोणालाच कळत नाही. पेल्यासाठी वेगळी लहान पुडी असते, चार ग्रॅमच्या थोडी वर. म्हणून पुडी पूर्ण ओतावी, पाणी मोजून घ्यावे, चोवीस तासांत संपवावे आणि उरलेले टाकून द्यावे. तोलण्याचे अवघड काम आधीच्या पिढ्यांनी करून ठेवले आहे. घरच्या माणसाकडे उरले आहे ते फक्त पाणी मोजणे.